दर तासाची सात मिनिटं

पुणे, ३ नोव्हेंबर २०२४

आदरणीय सिद्धोधन मामांस,
जय भीम.

फोन केला की मामीच उचलते आणि तुम्ही कामावर आहात म्हणते. रविवारीही कामावर, बाजाराच्या दिवशीही कामावर. शेवटी तीच म्हणाली, त्यांना पत्र लिही बाई, पत्र ते चार-चारदा वाचतात. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी जणू बैलगाडी घेऊन पुण्यात आले.

नोकरीला लागून दीड महिना झाला. आमची कंपनी दुसऱ्यांच्या कारखान्यात जाते, काम कसं चालतं ते बघते आणि खोळंबा कुठं होतो ते मालकाला सांगते. आईला गावाकडं झरीला फोन करून एवढं समजावलं, तर ती म्हणाली, नुसतं बघायला माणूस ठेवतेत व्हय? आता तिला काय सांगू!

पण मामा, बघणं अवघड असतं हो. आम्हाला शिकवणाऱ्या शुभदा मॅडमनी पहिल्याच आठवड्यात एका बिस्किटांच्या कारखान्यात खडूनं गोल काढला आणि आत उभं केलं. आठ तास. दिसेल ते वहीत लिहायचं. मी लिहिलं, पेटीवाला माणूस आळशी आहे. मॅडमनी ते खोडलं आणि विचारलं, हे तुला दिसलं की वाटलं? तेव्हापासून वहीत दोन रकाने करते, एक दिसलंचा, एक वाटलंचा. दुसरा धडा असा, की कुठलीही गोष्ट का होते हे पाच वेळा विचारायचं. एकदा विचारलं तर माणूस वरवरचं सांगतो, खरं कारण पाचव्या वेळी येतं म्हणे. आपल्या पाथरीत कुणाला लागोपाठ पाच वेळा कामून म्हटलं तर तो मारायलाच उठेल.

आता कामाचं. आम्ही सात जण शिकाऊ आहोत. जानेवारीअखेर चौघांना ठेवणार, तिघांना घरी पाठवणार. त्याआधी प्रत्येकानं एका खऱ्या कारखान्याचा अभ्यास करून अहवाल द्यायचा आहे. मला दुसरा कारखाना कुठला माहीत? माणिकराव शेठना विचाराल का, तुमच्या कापसाच्या जिनिंगचा अभ्यास करू देतील का म्हणून? आणि तुमचा दिवस कसा जातो ते सकाळपासून लिहून पाठवा. बारीकसारीक सगळं.

तुमची,
संघप्रिया

*

पाथरी, १४ नोव्हेंबर

चि. संघप्रियास मामाचा आशीर्वाद आन् जय भीम.

तुजं पत्र पोस्टमननं जिनातच आणून दिलं. बायांनी हातानंच इचारलं, कुनाचं? मी छातीवर हात ठिवून सांगितलं, आमच्या लेकीचं. तू आमच्याकडं शाळेला होतीस तवा मी कामावरून आलो की तुला पेपर मोठ्यानं वाचायला बसवायचो, अडखळली की पुन्यांदा वाच म्हनायचो. ते फुकट गेलं न्हाई म्हनायचं. पाथरीवरून परभणी, परभणीवरून पुणे, आन् आता लोकाच्या कारखान्यात चुका काढायलीस. लय बरं वाटलं.

शेठला इचारलं. हो म्हनले. फुकटात साहेब यायलेत म्हनल्यावर कोन न्हाई म्हनंल?

माजा दिवस ऐक. आठला जिन चालू होतं. बारा मशिनी हायेत, सहा-सहाच्या दोन वळी. एकीकडून कापूस पडतो, रुई पुढं येती आन् सरकी खाली पडती. मशीन नीट चाललंय का बगायचं काम फिटरचं, म्हंजी माजं. दर तासाला मी सगळ्या मशिनी बंद करायला लावतो. मंग एकेकीवर हात ठिवत जातो. बेअरिंग तापलंय का, पुली ढिली झाली का, हाताला कळतं. बारा मशिनी बगायला सात मिनिटं लागतेत. तेवढ्यात बाया पानी पेतेत, पदर झाडतेत. मंग पुन्यांदा चालू. जिनात जाळ लागतो तो तापलेल्या बेअरिंगनंच लागतो, कापसाला ठिणगी पुरती. मी फिटर झाल्यापून बावीस हंगामात एकदाबी जाळ न्हाई लागला. हे तुज्या वहीत लिही.

अजून दोन हंगाम काडले की मी मोकळा. तवर शेठची मेहेरबानी अशीच ऱ्हावी.

फोनवर मन मोकळं होत न्हाई. पत्रच लिहीत जा. मामी बरी हाय.

तुजा मामा

*

पुणे, २४ नोव्हेंबर

आदरणीय मामा, जय भीम.

तुमचं पत्र मॅडमना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, तुझे मामा आमच्या निम्म्या लोकांपेक्षा चांगलं लिहितात. मी दिवसभर ताठ मानेनं फिरले.

७ डिसेंबरला येते, तीन दिवस मुक्कामाला. शेठना तारीख सांगून ठेवा.

तोवर एक सराव करू. पहिला कामून असा, की दर तासाला सगळ्या मशिनी बंद कामून करता? रागावू नका. मॅडम म्हणतात, हे विचारताना आपण पोलीस नाही हे समोरच्याला आधी कळलं पाहिजे. तर मी तुमची भाचीच आहे, पोलीस नाही.

संघप्रिया

*

पाथरी, २ डिसेंबर

चि. संघप्रियास आशीर्वाद.

बंद कामून करतो ते मागंच लिहिलं की. बेअरिंग बगायला. माजी सवय हाय ती. ह्याच्यापुढं काय सांगू?

ये. मामीनं तुज्यासाठी तिळाची चटणी कुटायला घेतलीय. थंडी हाय, शाल आण. जिनात तोंडाला फडकं बांधावं लागंल, रुई नाकात जाती.

मामा

*

पुणे, ११ डिसेंबर

आदरणीय मामा, जय भीम.

काल सुखरूप पोचले. चटणी निम्मी मैत्रिणींनी संपवली.

जिनात एवढा आवाज असतो हे मी विसरूनच गेले होते. कुणीच तोंडानं बोलत नाही. मूठ दाखवली की थांबा, अंगठा ओठाला लावला की पाणी, डोक्यावर टोपी घातल्यासारखं केलं की शेठ आले. दुसऱ्या दिवशी मलाही जमायला लागलं. तुमच्याशी तीन दिवस मी हातानंच बोलले आणि घरी आल्यावर तर तुम्ही मला बोलूच दिलं नाही. कापसाचा ओलावा, जुने फिटर, मशिनी कशा बदलत गेल्या, तासन्‌तास तुम्हीच सांगत होतात. मामी मधेच हसायची आणि उठून जायची. दुसरा प्रश्न माझ्या तोंडातच राहिला, म्हणून आता लिहून विचारते. मशिनी चालू असताना का नाही तपासत? कापूसगाड्या किती वेळ उभ्या राहतात, बाया किती पावलं चालतात, सगळं मोजलं. आणि तुमची सात मिनिटंही मोजली. दिवसातून नऊ वेळा. म्हणजे एक तास आणि वर तीन मिनिटं. तेवढ्यात तीन-साडेतीन गठाणी बांधून होतात. शेठना हे कळल्यापासून ते बोटं मोजत होते.

आता अहवाल लिहायला घेते. त्यात तुमच्याही कामाबद्दल काही येईल. आमच्याकडं एक नियम फार कडक आहे. ज्याच्या कामाबद्दल लिहिलं, त्याला ते मालकाच्या आधी कळलं पाहिजे आणि त्याची हरकत असेल तर तीही लिहिली पाहिजे. म्हणून ११ जानेवारीला येते. आधी तुम्हाला वाचून दाखवीन, मग शेठकडं जाईन.

मामा, मला ही नोकरी हवी आहे. आई अजून दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. मी हे दुसऱ्या कुणाला म्हणणार नाही, तुम्हाला म्हणते.

संघप्रिया

*

पाथरी, २४ डिसेंबर

चि. संघप्रियास अनेक आशीर्वाद.

तुज्या दुसऱ्या सवालाचं उत्तर असं की माजा हातावर भरवसा हाय. तेवढंच हाय, बाकी काई न्हाई.

मामा हाय म्हून काई झाकू नको. जे दिसलं ते लिही. तुज्या आईनं लय सोसलंय, माज्या ह्या बहिनीनं तिसरीनंतर शाळा बगितली न्हाई. तू टिकली पायजेस, दुसरं काई नको.

पण माय, वाचून दाखवायला एवढ्या लांब कशाला येतीस? जायचं-यायचं बेजार होतीस. लिहूनच धाड. मी सवडीनं वाचीन, न्हाई कळलं ते पुन्यांदा वाचीन आन् उत्तर लिहीन. तेच बरं पडंल.

मामा

*

पुणे, २ जानेवारी २०२५

आदरणीय मामा, जय भीम.

नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

लिहून नाही पाठवता येत हो. समोर बसून वाचायचं आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडं बघायचं, असाच नियम आहे. कागदावर माणूस हो म्हणतो आणि मनात नाही असतं, असं मॅडम म्हणतात. शिवाय मला यायचंच आहे. एका दिवसाचं बेजार मी सोसते.

शनिवारी सकाळी जिनातच भेटते, मशिनी चालू व्हायच्या आत.

संघप्रिया

*

पाथरी, १६ जानेवारी

चि. संघप्रियास आशीर्वाद.

तू गेल्यावर घर सुनं वाटलं. त्या दिशी सरकीच्या ढिगापाशी बाजेवर बसून तू कागद वाचायलीस आन् बाया लांबून बगायल्यात, एवढं झाक वाटलं मला. तू काय वाचलं ते समदं पटलं. माजी कशालाबी हरकत न्हाई, तसं तू लिहून घेतलंसच. शेठबी खूश दिसले. तुला ठिवून घेतलं की लगेच कळव.

मामीचा गुडघा दुखायलाय, बाकी ठीक.

मामा

*

पुणे, ३० जानेवारी

आदरणीय मामा, जय भीम.

मला ठेवलं! चौघांत माझं नाव पहिलं घेतलं. मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं की ज्याच्या कामावर कात्री लागते त्याचीच मनापासून संमती मिळवणं ही मोठी गोष्ट आहे आणि ती संघप्रियानं मिळवली. मला रडू आलं. तुमच्यामुळं झालं, मामा.

शेठचा फोन आला होता. २० तारखेपासून मशिनी दुपारच्या सुट्टीखेरीज बंद करत नाहीत आणि तपासणी चालू मशिनीवरच होते म्हणाले. रोजच्या तीन गठाणी वाढल्यात. तुम्हाला उभं राहणं कमी झालं का? जमतंय ना? सविस्तर लिहा.

आईला कळवलं. तिनं फोन तसाच धरून शेजारणीला हाका मारल्या.

तुमची,
संघप्रिया

*

पुणे, १४ फेब्रुवारी

मामा,

पत्र नाही. मामीचा फोन लागतो पण ती, ते बाहेर गेलेत एवढंच म्हणून ठेवते. आईला विचारलं तर ती म्हणते, हंगाम आहे, कामात असतील, तू तुझं काम कर. आईचा आवाज मला ठीक वाटला नाही. तुम्ही माझ्यावर रागावलात का? रागावला असाल तर तसं लिहा, पण लिहा.

संघप्रिया

*

पाथरी, २६ फेब्रुवारी

चि. संघप्रियास,

अक्षर वाकडं आलंय. डाव्या हातानं लिहायलोय. चार दिसांपून थोडं थोडं लिहायलोय.

तुज्यापासून झाकून ठिवा म्हून मीच समद्यांला सांगितलं होतं. तुज्या आईवर रागावू नको. पण तू रागावलात का म्हून इचारलंस, मंग राहवलं न्हाई.

३ तारखेला सात नंबरच्या मशिनीत माजा हात गेला. उजवा. अंगठा ऱ्हायला, चार बोटं गेली. परभणीच्या दवाखान्यात अकरा दिस होतो. आता घरी हाय. दुखतंय पण झोप लागती.

आता खरं सांगतो. तीन वर्षं झाली, मला ऐकू येत न्हाई. आदी बारीक आवाज गेला, मंग समदंच गेलं. चाळीस वर्षं त्या मशिनींत, कान ऱ्हायचे कसे? पयले मी पेचकस मशिनीला लावायचो आन् त्याची मूठ कानाला, तू ल्हान असताना बगितलंयस. चालत्या मशिनीचं दुखनं त्याच्यात ऐकू यायचं. ते बंद झालं तवा मी हात धरला. पण चालत्या मशिनीवर हात ठिवता येत न्हाई, समदंच थरथरतं, आन् पट्टा जवळ असतो. म्हून बंद करायचो. तीच ती सात मिनिटं.

कुनालाच सांगितलं न्हाई. बहिऱ्या फिटरला कोन ठिवतं? मामीला ठाव होतं. जिनात समदेच हातानं बोलतेत, तितं मी समद्यांसारखाच होतो. फोनवर मातर पकडलो गेलो असतो. म्हून तुला पत्र लिही म्हनायचो. घरी तू आलीस तवा मीच बोलत ऱ्हायलो, तू काई इचारू नये म्हून.

शेठनी मशिनी बंद करायचं बंद केलं तवा कारण सांगायला तोंड नव्हतं. पंधरा दिस अंदाजानं काडले. त्या दिशी सात नंबर जास्त थरथरायलीय वाटलं, हात पुढं केला, बाही पट्ट्यात गेली. बाया ओरडल्या म्हने. लय ओरडल्या म्हने, तवा कुठं समद्या जिनाला कळलं की सिद्धोधनला ऐकू येत न्हाई.

शेठ भले हायेत. गेटवर बसवतो म्हनले. गाडीचा हारन ऐकू येईना, गेटवर बसून मी काय करू?

तुजं काई चुकलं न्हाई. तुला जे दिसलं ते तू लिहिलंस. मी दिसू दिलं न्हाई ते कसं लिहिशील? तू नोकरी सोडशील तर मी पुन्यांदा तुला पत्र लिहिनार न्हाई, हे ध्यानात ठिव.

मामा

*

पाथरी, ९ मार्च

मामा,

तुमच्या समोर बसून लिहितेय. तुम्ही खाटेवर बसलाय, गुंडाळलेला हात उशीवर ठेवलाय आणि मी काय लिहिते म्हणून बघताय. सकाळपासून मी तोंडानं बोलायला गेले की रडूच येतं आणि तुम्ही हातानं म्हणता, पुरे. म्हणून वही काढली.

काल आधी शेठकडं गेले होते. अहवाल चुकीचा आहे, मी तो मागं घेते, असं लिहून दिलं आणि सही केली. मशिनी पुन्हा दर तासाला बंद होतील. नवीन फिटरला चांगलं ऐकू येतं, तरीही होतील. शेठ मान खाली घालून हो म्हणाले.

शुभदा मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी मला काढलं नाही. काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त माझी वही मागितली आणि ते पान काढलं. पाच वेळा का, तिथं पाचही उत्तरं लिहिलेली होती. मी तुम्हाला दोनदाच विचारलं होतं, मामा. तिसरं विचारायचं माझ्या मनात आलं होतं. पूर्वी पेचकस कानाला लावायचात, आता हातच का, हे मला दिसलं होतं. पण मामाला किती टोकायचं, असं म्हणून मी गप्प बसले आणि उरलेली तीन उत्तरं मनानंच भरली. जुनी सवय. बदलाची भीती. कुणी विचारलं नाही म्हणून चालू राहिलं. किती शहाणी आहे मी! तुम्ही पत्रंच का लिहिता, हे तर एकदाही विचारलं नाही.

आणि त्या सकाळी बाजेवर बसून मी पंधरा मिनिटं वाचत होते. तुमची सात मिनिटं बंद करा, असं मी तुमच्या तोंडावर वाचलं. तुम्ही हसत होतात आणि मान हलवत होतात. मी वहीत लिहिलं, फिटरची पूर्ण संमती. ते मला दिसलं नव्हतं, वाटलं होतं.

अहवालाची ही प्रत आणलीय. तुम्ही म्हणाला होतात तशी, सवडीनं वाचायला. आता काय उपयोग, पण तुमच्या हातात दिल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

एकच सांगा. ऐकू येत नव्हतं तर मान कामून हलवली? हात केला असतात, लिहून दे म्हणाला असतात, तर मी तिथल्या तिथं थांबले असते. पाचवा कामून समजा हा. खाली लिहा. मी बसलेय.

संघप्रिया

*

कागद वाचला. चांगला लिहिलाय. चुका न्हाईत. मला ठाव असतं तरी मी हरकत घेतली नसती, तुजी नोकरी जाईल म्हून. तवा तू उगं जीव जाळू नको.

मान कामून हलवली ते सांगतो. तुजे ओठ हलायले होते. पेपर वाचायचीस तवा एका बोटानं वळ धरायचीस आन् ओठ पुढं काडायचीस, तसंच करायलीस. मला वाटलं आठवीतली पोरच वाचायलीय. कुठंबी अडखळली न्हाईस. तीन वर्षांपून मी कुनाचं काई ऐकलं न्हाई, पण त्या येळी ऐकायलोय असंच वाटलं. म्हून मान हलली. तिला मधीच थांब म्हनायचं माज्यानं झालं न्हाई.

तू आता मान वर केलीस, म्हंजी मामीनं हाक मारली वाटतं. जा, ताटं घे. मला डाव्या हातानं जेवायला येळ लागतो, तवर बस.